हँड ग्रिपने बीपी उतरतं का? उतरतं, पण दाबायची पद्धत वेगळी आहे

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ५६, बँकेतली बैठी नोकरी, दोन वर्षांपासून बीपी. सकाळी ॲम्लोडिपिन ५ ची एक गोळी. घरच्या मशिनवर बीपी साधारण १४२/८८ च्या आसपास. हँड ग्रिप दाबल्याने बीपी उतरतं असं एका व्हिडिओत पाहिलं, खेळाच्या दुकानातून स्प्रिंगचा ग्रिपर आणला आणि महिनाभर रोज सकाळी दोनशे वेळा दाबला. आकडा जागचा हलला नाही, मनगट मात्र दुखायला लागलं. ग्रिपने खरंच बीपी उतरतं का, माझं का उतरलं नाही, आणि पुढे उतरलं तर गोळी बंद करता येईल का, हे तुम्ही विचारता आहात.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणारे बरेचसे पेशंट हृदयाचे आणि बीपीचे असतात, त्यामुळे हा व्यायाम मी अनेक वर्षं शिकवत आलो आहे. शेवटच्या शंकेचं उत्तर आधी देतो, कारण त्यातच धोका आहे: गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. ॲम्लोडिपिन शरीरातून हळूहळू बाहेर पडते. गोळी सोडल्यावर पहिले काही दिवस बीपी जवळजवळ तेवढंच दिसतं आणि माणसाला वाटतं, बघा, गोळीशिवायही ठीक आहे. मग आठवड्याभरात ते चढू लागतं. तोवर मोजायची सवय सुटलेली असते, कारण बीपी वाढल्याचं अंगाला काही जाणवत नाही. ज्यांना ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल किंवा क्लोनिडीनसारखी गोळी चालू आहे त्यांच्या बाबतीत तर ती अचानक तोडणं सरळसरळ घातक ठरू शकतं, बीपी आणि नाडी उसळी मारतात.

आता पहिली शंका. होय, उतरतं. आणि हे आजचं खूळ नाही. अमेरिकेत रोनाल्ड वायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात लोकांना आपल्या पूर्ण ताकदीच्या ३० टक्के जोराने मूठ आवळून दोन मिनिटं तशीच धरून ठेवायला सांगितलं होतं. असं एका बैठकीत चार वेळा, आठवड्यातून तीन दिवस, आठ आठवडे. विश्रांतीतलं वरचं बीपी सरासरी १२ पॉइंटच्या आसपास खाली आलं. माणसं थोडी होती म्हणून कुणी लगेच नाचलं नाही, पण पुढे वेगवेगळ्या देशांत हाच प्रयोग पुन्हा पुन्हा झाला. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१३ मध्ये गोळ्या आणि आहाराखेरीजच्या उपायांचा आढावा घेतला तेव्हा हँड ग्रिपला त्यात जागा मिळाली, काहीशी हात राखून. २०१७ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांत तो बीपी उतरवणाऱ्या व्यायामांच्या तक्त्यात आला. तिथे अपेक्षा दिली आहे ती बीपी असलेल्यांमध्ये वरच्या आकड्यात साधारण ५ पॉइंटची. २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या एका मासिकात २७० चाचण्या एकत्र करून व्यायामांची तुलना झाली. चालणं-धावणं-सायकल या गटात वरचं बीपी सरासरी साडेचार पॉइंटने उतरलेलं दिसलं आणि स्नायू आवळून धरून ठेवायच्या व्यायामांत आठच्या थोडं वर. हे आठ एकट्या हँड ग्रिपचे नव्हेत. भिंतीला पाठ टेकून खुर्चीवर बसल्यासारखं अधांतरी बसायचं, तो व्यायामही त्यात धरला आहे, आणि वरच्या बीपीवर त्याचा असर ग्रिपपेक्षा जास्त दिसला.

म्हणजे मनात धरायचा आकडा पाच ते आठ पॉइंट. काहींना दहा मिळतात, काहींना दोनच. १४२ चं ११८ होईल या आशेने बसू नका. पण पाच पॉइंट हे थोडके नाहीत. वर्षानुवर्षं तेवढं कमी राहिलं तर पक्षाघाताची शक्यता खरोखर घटते.

दुसरी बाजूही सांगायला हवी. हे आकडे बहुतेक दवाखान्यात बसवून मोजलेल्या बीपीचे आहेत. चोवीस तास दंडाला पट्टा बांधून मोजलं की घट तितकी ठळक दिसत नाही. ब्राझीलमधल्या एका अभ्यासात, २०१८ साली, गोळ्या चालू असलेल्या पेशंटचे तीन गट होते, त्यातला एक तुलनेसाठी. देखरेखीखाली ग्रिप करणाऱ्यांचं बीपी उतरलं, तोच व्यायाम घरी एकट्याने करणाऱ्यांचं उतरलं नाही. माझ्या दृष्टीने तुमच्या कामाची माहिती हीच आहे. माझ्याकडे येऊन करणाऱ्यांत आणि नुसतं ऐकून घरी जाऊन करणाऱ्यांत मलाही असाच फरक दिसतो. घरी जोर चुकतो, वेळ चुकते, आणि तिसऱ्या आठवड्यात एक वार गळतो, मग दुसरा. युरोपातल्या हृदयतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ च्या सूचनांत असे आवळून धरायचे व्यायाम आठवड्यातून दोन-तीन वेळा करायला सांगितले आहेत, पण चालण्यासारख्या व्यायामाच्या जोडीला, त्याच्या जागी नव्हे. माझंही मत तेच.

मग तुमचं का उतरलं नाही? कारण तुम्ही महिनाभर जो व्यायाम केला तो हा नव्हेच. स्प्रिंगचा ग्रिपर दोनशे वेळा दाबून सोडला की पंजाची ताकद वाढते, दमही थोडा वाढतो. पण प्रत्येक वेळी तुम्ही सोडता तेव्हा स्नायूत रक्त पुन्हा खेळतं. बीपीसाठी जे अभ्यास झाले त्यांत हात हलतच नाही. मूठ एकदा आवळायची आणि दोन मिनिटं त्याच जोराने धरून ठेवायची. बाजारातून भरलेली पिशवी एका हातात घेऊन घरापर्यंत येता तेव्हा बोटांचे स्नायू जे काम करतात, ते या जातीचं काम.

त्या दोन मिनिटांत आत काय होतं ते कळलं की पद्धत आपोआप पाळावीशी वाटते. आवळलेला स्नायू आपल्यातूनच जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांवर दाब देतो. रक्ताचा पुरवठा अपुरा पडतो, तिथे तयार झालेले आम्लासारखे पदार्थ साचतात, स्नायूतल्या नसा मेंदूला खबर देतात आणि मेंदू बीपी वाढवून रक्त पुढे ढकलू पाहतो. आलम आणि स्मर्क या दोघांनी १९३७ मध्ये कैरोत हे फार छान दाखवलं होतं. व्यायाम थांबवल्यावरही त्यांनी फुगवलेल्या पट्ट्याने त्या स्नायूचं रक्त अडवून ठेवलं, तर बीपी चढलेलंच राहिलं. पट्टा सोडला की उतरलं. तुम्ही मूठ सोडता तेव्हाही असंच अडलेलं रक्त जोराने आत येतं. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर त्याचं घर्षण होतं आणि अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं. त्याने वाहिनी सैलावते. याच नायट्रिक ऑक्साइडच्या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं. आठवड्यातून तीनदा, महिना-दोन महिने हे होत राहिलं की वाहिन्या सैल होण्यात तरबेज होतात, आणि बीपी ताणून धरणाऱ्या मज्जासंस्थेचा जोरही थोडा ओसरतो. यातला कशाचा वाटा किती, यावर संशोधकांमध्ये अजून चर्चा चालू आहे.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, मूठ आवळलेली असताना बीपी वाढतं. मी नव्या पेशंटला हे मुद्दाम दाखवतो: उजव्या हातात ग्रिप, डाव्या दंडाला पट्टा. सुरुवातीला १३८ असलेलं वरचं बीपी दुसऱ्या मिनिटाच्या शेवटी १६० च्या पुढे गेलेलं दिसतं, आणि सोडल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत परत जागेवर येतं. पाहून माणूस दचकतो. दचकायला हरकत नाही, कारण मग तो जोर आवाक्यात ठेवतो. दुसरी गोष्ट, जास्त जोर म्हणजे जास्त फायदा असं इथे गणित नाही. ७०–८० टक्के जोराने दोन मिनिटं टिकताच येत नाही, आणि बीपी उगाच फार वर जातं.

आता पद्धत. आधी आपली पूर्ण ताकद मोजायची. त्यासाठी डायनॅमोमीटर लागतो, दाबल्यावर किलोमध्ये आकडा दाखवणारा. साधा डिजिटल दोन-चार हजारांत मिळतो, नाहीतर जवळच्या फिजिओथेरपिस्टकडे जाऊन मोजून घ्या. खुर्चीत ताठ बसा, कोपर अंगाजवळ, काटकोनात. पूर्ण ताकदीने दोन-तीन सेकंद दाबा. मिनिटभर थांबून पुन्हा. तीन वेळांतला सगळ्यात मोठा आकडा धरा. समजा तो ३० किलो आला, तर ३० टक्के म्हणजे ९ किलो. बहुतेकांना हा आकडा ऐकून आश्चर्य वाटतं, इतकं कमी? पहिल्या २० सेकंदांत तसंच वाटतं. दीड मिनिटानंतर याच ९ किलोंनी हाताचा पुढचा भाग जळजळायला लागतो, आकडा ८ वर, ७ वर घसरू पाहतो आणि तो परत ९ वर आणताना माणूस ओठ दाबून श्वास धरतो. तिथेच मी टोकतो. श्वास रोखला की छातीत दाब तयार होतो आणि बीपी अकारण उंच उडी घेतं. त्यावर साधा उपाय म्हणजे मोठ्याने सेकंद मोजणं, किंवा रामरक्षा, हरिपाठ, जे पाठ असेल ते म्हणणं. तोंड चालू असेल तर श्वास रोखला जात नाही.

दोन मिनिटं झाली की हात पूर्ण सैल सोडा. एक मिनिट विश्रांती बहुतेकांना पुरते. वय जास्त असेल किंवा धाप लागत असेल तर तीन-चार मिनिटं घ्या. मग दुसरा हात. असं दोन्ही हातांनी आलटूनपालटून एकूण चार वेळा. सगळं मिळून बारा-पंधरा मिनिटं लागतात. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. रोज केल्याने फायदा वाढतो असं नाही, तुमच्यासारखं मनगट मात्र नक्की कुरकुरतं. दर महिन्याला पूर्ण ताकद पुन्हा मोजा, कारण ती वाढते आणि ३० टक्क्यांचा आकडा बदलतो.

करताना स्वतःकडे जरा बघत चला. दाबायचं असतं पंजाने, पण बहुतेकांचे खांदे कानापर्यंत चढलेले असतात, दात आवळलेले असतात आणि रिकामा हातही मुठीत गेलेला असतो. मनगट आत वळवून दाबलं की तिथले स्नायूंचे दोर ताणले जातात. तुमचं दुखणं बहुधा त्यातलं असावं, शिवाय रोज दोनशेचा मारा. दोन आठवडे हात शांत ठेवा. दुखणं गेल्यावर मनगट सरळ ठेवून सुरुवात करा. दुखणं अंगठ्याच्या बुडाशी असेल, किंवा रात्री बोटांना मुंग्या येऊन जाग येत असेल, तर मात्र आधी दाखवून घ्या. तिथे ग्रिप करू नये, भिंतीचा व्यायाम जास्त बरा.

डायनॅमोमीटर घ्यायचाच नसेल तर? मऊ रबरी चेंडू किंवा घट्ट गुंडाळलेला नॅपकिन घेऊन अंदाजाने करता येतं. शून्य ते दहा अशी मनात पट्टी धरा. सुरुवातीला दाब तीन इतका वाटावा आणि त्याच दाबावर शेवटी सहा-सातपर्यंत जड व्हावा. दोन मिनिटांनंतरही काहीच जाणवलं नाही तर हलकं पडतंय. दीड मिनिटातच हात सुटला तर जड. हे मोजमाप काटेकोर नाही, तरी दोनशे वेळा स्प्रिंग दाबण्यापेक्षा कितीतरी बरं. काही ठिकाणी घड्याळाच्या तबकडीसारखं मीटर असलेल्या बीपीच्या पट्ट्याची गुंडाळी करून, ती थोडी फुगवून दाबायला देतात. संधिवाताने पकड अगदी कमी झालेल्या आजींसाठी हे चांगलं जमतं. पण पकड चांगली असलेल्या माणसाने पूर्ण जोर लावला तर काटा ३०० च्या पलीकडे जाऊन मीटर बिघडतं, आणि मग त्याच यंत्राने घरात बीपी मोजलं तर आकडे खोटे येतात.

यातून कुणी लांब राहायचं ते स्पष्ट सांगतो. बीपी १८०/११० किंवा वर असेल, तर आधी औषधाने उतरवायचं, व्यायाम मागाहून. १६०/१०० च्या वर असेल तर डॉक्टरांना विचारूनच. नुकताच हार्ट अटॅक किंवा पक्षाघात झालेला, महाधमनीची झडप अरुंद असलेले, कुठेही रक्तवाहिनीला फुगा आलेला, मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यात नव्या नाजूक वाहिन्या उगवलेले, गरोदर स्त्रिया, यांनी परवानगीशिवाय हात लावू नये. डायलिसिससाठी हातात फिस्टुला (ऑपरेशनने जोडलेली रक्तवाहिनी) केलेल्यांना चेंडू दाबायला सांगतात, पण तो फिस्टुला भरावा म्हणून, त्याची पद्धत आणि वेळ वेगळी. त्या हातावर हे दोन मिनिटांचं धरणं करू नका. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन हात सुजत असेल तर त्या बाजूने आधी विचारून. आणि व्यायाम करताना छातीत दुखलं, डोकं भयंकर दुखलं, डोळ्यापुढे अंधारी आली तर तिथल्या तिथे थांबा आणि दवाखाना गाठा.

आता मोजण्याबद्दल. फायदा झाला की नाही हे ठरतं तुमच्या वहीतल्या आकड्यांवर, आणि बहुतेकांची वही इथेच फसते. व्यायाम संपल्यावर लगेच बीपी घेतात, वाढलेलं दिसतं, घाबरून सोडून देतात. किंवा अर्ध्या तासाने घेतात, जरा कमी दिसतं, खूश होतात. दोन्हींना अर्थ नाही. सुरू करण्याआधी एक आठवडा सकाळी आणि संध्याकाळी मोजा. सकाळचं लघवीला जाऊन आल्यावर, चहा आणि गोळीच्या आधी. पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसा, पाय जमिनीवर सपाट, मांडीवर मांडी नाही, पट्टा उघड्या दंडावर आणि दंड छातीच्या पातळीला टेबलावर. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, दोन्ही लिहा. मोजताना नुसतं बोलल्यानेही आकडा पाच-दहा पॉइंट वर जातो, म्हणजे तुम्ही दोन महिन्यांत जेवढं कमवाल तेवढं एका गप्पेत गेलं. आठवड्यातल्या पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. हीच मोजणी दहाव्या आठवड्यात, शक्यतो व्यायाम नसलेल्या वेळी, त्याच मशिनवर. या दोन सरासऱ्यांतला फरक तो तुमचा फायदा. मधल्या काळात रोज आकडा बघून मन वरखाली करू नका.

एक वेगळी गोष्ट तुमच्या आकड्यांवरून. घरी मोजलेलं बीपी सरासरी १३५/८५ च्या खाली असावं असा सर्वसाधारण दंडक आहे. तुमचं १४२/८८ एक गोळी घेऊन आहे. म्हणजे आजच ते पुरेसं आटोक्यात नाही, आणि दहा आठवडे ग्रिपचा निकाल येईपर्यंत वाट बघण्यासारखं हे नाही. या आठवड्यातच वही घेऊन डॉक्टरांकडे जा. ते गोळी वाढवतील किंवा दुसरी जोडतील, तर ती घ्या. ग्रिप हरली असं त्यातून होत नाही. दोन्ही एकत्र चालतात. गोळ्या चालू असलेल्यांनाही या व्यायामाचा फायदा अभ्यासांत दिसला आहे.

आणि मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत सांगते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, तोही भाजी, आमटी, चपातीची कणीक, लोणचं, पापड, सांडगे, फरसाण सगळं धरून. बैठ्या नोकरीत दुपारच्या डब्याबरोबर लोणचं आणि चारच्या चहाबरोबर फरसाण एवढं जरी बंद केलं तरी ग्रिपइतकाच फरक पडलेला मी पाहिला आहे. रोज अर्धा तास भरभर चालणं तर हवंच. ग्रिपने बीपीचा आकडा थोडा हलतो, पण चालण्याने हृदयाचा दम, साखर, वजन, झोप सगळ्यालाच हातभार लागतो. तो ग्रिपकडून होत नाही.

दहा आठवड्यांनी सरासरी खाली आलेली दिसली तर थांबू नका. सोडलं की काही आठवड्यांत बीपी पुन्हा मूळ जागी येतं. नंतर आठवड्यातून दोन दिवस केलं तरी बऱ्याच जणांचं टिकतं असा माझा अनुभव आहे, पण ते वहीवर तपासूनच ठरवा. सरासरी सतत दोन-तीन महिने ११० च्या आसपास येऊ लागली, उठताना चक्कर येऊ लागली, तर गोळी कमी करायचा विषय काढायचा, आणि तो डॉक्टरांच्या टेबलावर, वही उघडून. त्यांनी डोस उतरवला तर पुढचे चार आठवडे पुन्हा सकाळ-संध्याकाळ मोजायचं. आणि दहा आठवडे नीट करूनही फरक दिसला नाही, तर तुम्ही प्रतिसाद न देणाऱ्यांपैकी असाल. मग महिनाभर भिंतीचा व्यायाम करून बघा. पाठ भिंतीला, टाचा भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे, गुडघे जेवढे सोसतील तेवढेच वाकवून दोन मिनिटं, मध्ये दोन मिनिटं विश्रांती, असं चार वेळा. श्वासाचा नियम तोच. गुडघे आधीच दुखरे असतील तर कमी वाकवा. मांड्या जमिनीला समांतर आल्याच पाहिजेत असं मुळीच नाही.